भंगारातला भोंगा वाजता करायचा तर

भंगारच्या दुकानात जुना भोंगा दिसला की पहिला मोह होतो तो वायरी जोडून बघायचा. तो आवरा. वीस-पंचवीस वर्षं पडून असलेल्या भोंग्यात बेअरिंगचं ग्रीस सुकून खडूसारखं झालेलं असतं, आत साळुंकीचं घरटं असतं आणि रोटर, म्हणजे आतलं फिरतं पिंप, बाहेरच्या कड्याला चिकटलेला असतो. अशा मोटरला वीज दिली की ती नुसती गुणगुणते, नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते आणि थोड्याच वेळात वायंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळाल्याचा वास येतो. गंजापेक्षा या पहिल्या उत्साहानेच जास्त भोंगे गेलेत. म्हणून खालच्या कामात वीज सर्वात शेवटी येते.

हातात काय आहे ते ओळखा

आपल्याकडे 'भोंगा' हा शब्द फार ढिला वापरला जातो. साखर कारखान्याचा जुना भोंगा म्हणजे बहुतेक वेळा वाफेची शिटी: पितळेचा किंवा बिडाचा उभा नळा, खाली व्हॉल्व्ह, मोटर कुठेच नाही. ती वाजवायला वाफ किंवा कॉम्प्रेसरची हवा लागते. घरी बॉयलर करायचा विचारही करू नका. शिटी हवेवर हलकीशी वाजते, तेवढ्यावर समाधान माना. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक हूटर. त्यात फिरणारं काही नसतं, सर्किट आणि कर्णा एवढंच. हा लेख तिसऱ्या प्रकारावर आहे, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या यांत्रिक भोंग्यावर. नगरपालिका, सूतगिरण्या, धरणं आणि अग्निशमन केंद्रांच्या छतांवर हेच असायचे.

त्याची रचना साधी आहे. मोटरच्या शाफ्टवर पिंपासारखा रोटर असतो. त्याला आत पाती आणि कडेला खिडक्या असतात. तो मधून हवा ओढतो आणि कडेने फेकतो. बाहेर तशाच खिडक्यांचं स्थिर कडं, म्हणजे स्टेटर. खिडकीसमोर खिडकी आली की हवा सुटते, भिंत आली की अडते. आवाज या तुटक हवेचा असतो, म्हणून स्वर काढायचं गणित सोपं आहे: रोटरच्या खिडक्या गुणिले सेकंदाला फेरे. ५० हर्ट्झवरची दोन पोलची मोटर लोडखाली मिनिटाला साधारण २८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. दहा खिडक्यांच्या रोटरचा स्वर ४८० हर्ट्झ, बारा खिडक्यांचा ५७६. काही दुतोंडी भोंग्यांत मोटरच्या एका टोकाला दहा आणि दुसऱ्या टोकाला बारा खिडक्या असतात. हे प्रमाण ६:५, म्हणजे षड्जाला कोमल गंधार. त्या भोंग्यांचा आवाज अंगावर काटा आणतो तो या जोडीमुळे. मिरजेच्या सतारमेकर मंडळींना हे वेगळं सांगावं लागणार नाही. खिडक्या मोजून वहीत लिहून ठेवा, हा आकडा शेवटी चाचणीत लागतो.

पहिलं काम म्हणून हाताने फिरवायचा भोंगा सर्वात चांगला. त्यात दांडा, गिअर आणि रोटर एवढंच असतं. वीज नाही, एकट्याला उचलता येतो, आणि बेअरिंग, रोटर-स्टेटरमधली फट, रंग ही सगळी कामं त्यावर शिकता येतात. त्याच्या दांड्यातला एकेरी खटका मात्र आधी तपासा. तो अडकला असेल, तर दांडा थांबवल्यावर फिरता रोटर मनगटाला हिसका देतो. त्यानंतर अर्धा-एक एचपीचा सिंगल फेज. तीन फेजचा ५ एचपीचा दुतोंडी भोंगा पहिल्याच वेळी अंगावर घेऊ नका.

विकत घेताना

सरकारी किंवा नगरपालिकेचा भोंगा तोंडी बोलीवर घेऊ नये, मग गावातले लोक कितीही "घेऊन जा" म्हणोत. संस्थेने वस्तूचं निर्लेखन केलेलं असावं, म्हणजे ती आपल्या नोंदीतून काढलेली असावी, लिलाव झालेला असावा आणि तुमच्याकडे पावती व गेटपास असावा. भंगारवाल्याकडून घेतानाही बिल मागा आणि त्यावर 'विद्युत भोंगा, जुना' असं लिहून घ्या. भंगारवाला भाव धरतो तो मोटरमधल्या तांब्याचा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी वायंडिंग आधीच काढून घेतलेलं असतं. टर्मिनल बॉक्स उघडून तांबं आत आहे का ते पाहूनच भाव बोला.

कृष्णा-वारणेच्या काठावर आणखी एक गोष्ट बघायची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या मोटरी अजूनही भंगारात फिरतात. टर्मिनल बॉक्सच्या तळाशी बारीक, चिकट, तांबूस-करडा गाळ किंवा आतल्या भिंतीवर पाण्याची आडवी रेघ दिसली, तर मोटर पाण्याखाली होती असं समजा. तशी मोटर घ्यायला हरकत नाही, पण रिवाइंडिंगचा, म्हणजे नवी तार भरून घेण्याचा, खर्च धरूनच.

रोटर हाताने फिरतो का हे पाहा, पण फिरत नाही एवढ्यावरून सौदा सोडू नका. जॅम रोटर सुटतो. सौदा सोडायचा तो रोटरला तडा असेल तर, किंवा पातं तुटलेलं असेल तर.

छतावरून उतरवताना

दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी बरे. पण याच काळात उंच, आडोशाच्या लोखंडी कामाखाली आग्यामोहोळ असू शकतं. आधी दुर्बिणीने किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून लांबून पाहा. मोहोळ असेल तर धूर-जाळ न करता मधमाश्यांचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा, किंवा मोहोळ उठेपर्यंत थांबा.

वीजजोडणी इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही टोकांना सोडवून घ्या आणि टेस्टरवर विसंबू नका, मीटरने तिन्ही फेज मृत आहेत याची खात्री करा. पायाचे गंजलेले बोल्ट सोडवत बसण्यात अर्थ नाही. ते ग्राइंडरने कापा, बोल्ट कुठेही मिळतात. पट्टा नेहमी मोटरच्या बॉडीला किंवा पायांना बांधायचा. कर्ण्याला किंवा वरच्या टोपीला दोर बांधला की ओतीव भाग तुटतो, आणि मग जुळणारा तुकडा मिळत नाही. उतरवायला चेनपुली आणि तीन माणसं, खाली कुणी उभं नाही.

कबुतरांची वाळलेली विष्ठा झाडताना तोंडावर चांगला मास्क हवा. आधी पाणी शिंपडा, मग खरवडा.

उघडताना

प्रत्येक नट सोडण्याआधी फोटो काढा. स्टेटर, मोटरची झाकणं आणि रोटर यांच्या एकमेकांसमोरच्या जागांवर सेंटर पंचने ठिपके मारा. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. दुतोंडी भोंग्यात दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण अदलाबदल केली की फट बिघडते. शाफ्टवर पातळ चकत्या, म्हणजे शिम, निघाल्या तर कोणत्या बाजूच्या किती हे लिहून वेगळ्या डबीत ठेवा. हरवलेली अर्ध्या मिलिमीटरची शिम नंतर दोन दिवस खाते.

रोटरच्या मधल्या नटाचे आटे आधी नीट पाहा. काही भोंग्यांत तो उलट्या आट्याचा असतो, आणि नेहमीसारखा सोडायला गेलं की आणखी आवळत जातो.

रोटर शाफ्टवरून निघत नसेल तर घाई नको. अॅसिटोन आणि गाडीचं ट्रान्समिशन ऑइल समप्रमाणात मिसळून सांध्यात थेंब थेंब सोडा, दिवसातून दोनदा, तीन दिवस. मिश्रण ज्वालाग्राही आहे, पुढच्या पायरीआधी ते पूर्ण पुसून वाळू द्या. मग तीन पायांचा पुलर लावायचा, तोही मधल्या जाड बुंध्याला. पुलरचे पाय कडेला किंवा पात्यांना अडकवले की अॅल्युमिनियम तडकतं. तरीही सुटत नसेल तर बुंधा हॉट एअर गनने तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून नाचला की पुरे. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून तापल्यावर पकड सुटते. हातोडा मारून काढलेला रोटर पुढे कधीच खरा फिरत नाही.

रोटरची तपासणी, सर्वात महत्त्वाची

इथे वेळ घाला. ३०० मिलिमीटर व्यासाच्या रोटरची कड पूर्ण वेगात सेकंदाला ४५ मीटर जाते, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या वर. त्या वेगात सुटलेला पात्याचा तुकडा पत्रा भेदू शकतो.

आधी डिझेल आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा, मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. कॉस्टिक सोडा अजिबात नको. लोखंडाचे भाग त्यात घालायची आपल्याकडे सवय आहे, पण अॅल्युमिनियम त्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. पांढरी भुकटी राहिली असेल तर ३२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासा. सँड ब्लास्टिंगवाल्याकडे रोटर देऊ नका, कडा झिजतात.

तड्यासाठी तीन डब्यांचा डाय पेनिट्रंट स्प्रे मिळतो: एकाने साफ करायचं, लाल रंग मारून पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून वर पांढरा स्प्रे. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. जुनी पद्धतही चालते. रोटर डिझेलमध्ये रात्रभर बुडवा, कोरडा पुसा, वर खडूची पूड लावा; तड्यातून डिझेल झिरपून ओली रेघ दिसते. पात्याच्या मुळाशी आणि चावीच्या (रोटर शाफ्टवर पक्का धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेच्या कोपऱ्यांत विशेष बघा. तडा सापडला तर वेल्डिंग करून फिरवायचं नाही, वेल्डर कितीही हुशार असो. तो भोंगा शोभेचा ठेवा, किंवा नमुना देऊन नवा रोटर ओतून घ्या. अॅल्युमिनियम ओतणारे कारखाने कोल्हापूरच्या शिरोली भागात आहेत, लेथ आणि बॅलन्सिंगचं काम कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत होतं.

बॅलन्सिंग पंखे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मशिनवर करून घेणं उत्तम. घरी करायचं तर रोटरमध्ये सरळ शाफ्ट घालून तो दोन समपातळीतल्या, धारदार कडेच्या पट्ट्यांवर ठेवा. जड बाजू दर वेळी खाली येऊन थांबते. तिथल्या जाड बुंध्यात ६ मिलिमीटरच्या ड्रिलने उथळ खड्डा घ्या आणि पुन्हा पाहा. पात्याला किंवा कडेला भोक पाडायचं नाही.

बेअरिंग आणि मोटर

जुनी बेअरिंग चांगली वाटली तरी बदला. बाहेरच्या रिंगवर नंबर असतो. लहान मोटरींत ६२०५ (२५ × ५२ × १५ मिलिमीटर) किंवा ६२०६ (३० × ६२ × १६) बऱ्याचदा सापडतात आणि शेतीपंपांमुळे तालुक्याच्या गावातही मिळतात. नंबर पुसला असेल तर व्हर्नियर कॅलिपरने तिन्ही मापं घ्या. दोन्हीकडून रबर सील असलेली बेअरिंग उघड्या भोंग्याला बरी, धूळ आणि पाणी आत जात नाही. बसवताना दाब आतल्या रिंगवरच द्यायचा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि भोंगा थांबताना घरघर ऐकू येते.

आता वायंडिंग. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावून प्रत्येक फेज आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन मोजा. ४१५ व्होल्टच्या मोटरला १ मेगओहमच्या खाली आकडा आला तर वीज द्यायची नाही. अशा वेळी मोटर उघडून खोक्यात ठेवा, १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब आत लावा, वरून हवा जायला फट ठेवा आणि रात्रभर सुकू द्या. तापमान ७०-८० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. सकाळी आकडा खूप वर गेला तर नुसता ओलावा होता. हललाच नाही तर रिवाइंडिंग. मेगरसोबत तिन्ही फेजचा रेझिस्टन्सही मोजा. तो तिन्हींत सारखा हवा. एक फेज वेगळी निघाली तर त्यात शॉर्ट आहे किंवा कॉइल तुटली आहे.

उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात रिवाइंडिंगवाला गावोगावी सापडतो, हा आपल्याकडचा मोठा फायदा. पण त्याचा हात बसलेला असतो पाण्यातल्या सबमर्सिबल मोटरींवर, जिथे प्लास्टिकचं आवरण असलेली तार भरतात. भोंग्याची मोटर कोरडी आहे. तिला एनॅमलची तांब्याची तार आणि वर व्हार्निश, भट्टीत पक्कं केलेलं, हे आधीच बजावून सांगा. जुनी कॉइल तोडण्याआधी वेढे आणि तारेचा गेज मोजून लिहायला लावा.

भोंग्याची मोटर थोडा वेळ चालायलाच बनवलेली असते. नेमप्लेटवर ५, १० किंवा १५ मिनिटांचं रेटिंग लिहिलेलं दिसेल. पंप चालतो तशी ती तासभर चालवली तर नवं वायंडिंगही जळतं.

रंग

जुन्या लाल-नारिंगी थरात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. कोरडा घासू नका. पेंट रिमूव्हर, हातमोजे, आणि खरवडलेलं वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळं. लहान मुलं आसपास नकोत. बिडाच्या भागांना रेड ऑक्साइड चालतं. अॅल्युमिनियमवर ते धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. त्यावर एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लावा. रोटरची बाहेरची कड आणि स्टेटरची आतली बाजू रंगवायची नाही. रंगाचा थर फट खातो.

जोडणी आणि फट

रोटर-स्टेटरमधली फट हा भोंग्याचा गळा. मोठी झाली की हवा खिडक्यांना वळसा घालून निसटते आणि आवाज फुसका होतो, फार कमी झाली की तापल्यावर अॅल्युमिनियम फुगून घासतं. मूळ फट नोंदवलेली असेल तर तीच ठेवा. नसेल तर लहान-मध्यम भोंग्याला अर्धा ते एक मिलिमीटर धरून चला. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) चार दिशांना मोजा, मग रोटर पाव फेरा फिरवून पुन्हा चार. स्थिर जागी फरक राहिला तर स्टेटर सरकलाय, रोटरबरोबर फरक फिरला तर शाफ्ट वाकलाय. वाकडा शाफ्ट लेथवर डायल गेज लावून तपासून घ्या.

सगळं आवळल्यावर रोटर एका बोटाने फिरला पाहिजे आणि हात काढल्यावर काही सेकंद फिरत राहिला पाहिजे.

वीज

घरात सिंगल फेज असते आणि भोंगा तीन फेजचा. शेतीपंपाच्या जोडणीवर तो लावू नका, ती जोडणी त्यासाठी नसते. ३ एचपीपर्यंत सोपा मार्ग व्हीएफडीचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचा: आत सिंगल फेज २३०, बाहेर तीन फेज २३०. मोटरची सहा टोकं बाहेर असतील आणि नेमप्लेटवर स्टारला ४१५, डेल्टाला २३०-२४० असं असेल (स्टार आणि डेल्टा या टोकं जोडायच्या दोन पद्धती) तर डेल्टा जोडा. टोकं तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून सहा काढून घ्या. डेल्टामध्ये करंट वाढतो. ३ एचपीला ८ ते ९ अँपिअर धरा आणि व्हीएफडी त्याहून मोठा घ्या.

सेटिंग करताना वेग चढायला १० ते १२ सेकंद द्या. कमाल फ्रिक्वेन्सी ५० वर कुलूपबंद करा. ६० वर नेला तर रोटरवरचा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो, ते करून बघायची गरज नाही. थांबताना ब्रेक नको, 'फ्री रन' ठेवा. जड रोटर थांबवायला गेलं की मोटर उलट वीज तयार करते आणि व्हीएफडी ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो. नवशिके तो बिघडला समजून परत करायला नेतात.

साध्या स्टार्टरवर चालवत असाल तर नेहमीचा ओव्हरलोड रिले सुरू होतानाच पडेल, कारण रोटर वेग घ्यायला पाच-दहा सेकंद घेतो. त्यासाठी क्लास २० चा, म्हणजे उशिरा पडणारा, रिले मागा. रिलेचं बटण फिरवून करंट वाढवून ठेवणं हा उपाय नव्हे. बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत.

पहिली चाचणी

आधी रोटर न लावता मोटर दोन-तीन मिनिटं चालवा आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट पाहा. अपवाद एकच: ब्रश असलेली सीरीज मोटर लोडशिवाय कधीच चालवायची नाही, तिचा वेग आवरत नाही.

मग रोटर लावून १० हर्ट्झ. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. उभं राहायचं ते शाफ्टच्या दिशेला भिंतीआड, खिडक्यांसमोर नाही. हवा घेणाऱ्या तोंडावर जाड प्लायवूड घट्ट आवळलं तर आवाज बराच दबतो आणि लोडही उतरतो, म्हणून गॅरेजमधली चाचणी तशीच करा. १०, २०, ३० असं चढवत प्रत्येक ठिकाणी थरथर बघा. हाताने नव्हे, बॉडीवर पाण्याचा पेला ठेवून.

पूर्ण वेगात मोबाइलवरचं ट्यूनर अॅप लावा. वहीतला आकडा इथे उपयोगी पडतो. दहा खिडक्यांचा भोंगा ४८० च्या आसपास न येता ४४० वर अडकला, तर फेरे २६४० च आहेत: व्होल्टेज कमी, बेअरिंग जड, किंवा एक फेज अर्धवट. स्वर बरोबर पण आवाज पातळ, तर फट तपासा. वर चढताना एका ठराविक वेगाला किंचाळतो आणि पुढे शांत होतो, तर पाया ढिला आहे.

वाजवण्याआधी

१ मीटरवर ११० डेसिबलचा छोटा भोंगाही उघड्या माळावर ५५ डेसिबलपर्यंत उतरायला साधारण साडेपाचशे मीटर घेतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, रात्री १० ते सकाळी ६ ती ४५, आणि दवाखाना, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. तेव्हा जागा गावाबाहेरची, वेळ दिवसाची, आणि ग्रामपंचायत व पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवलेलं.

चढ-उताराचा आवाज काढू नका. नागरी संरक्षणात दोन मिनिटं वरखाली होणारा भोंगा म्हणजे हवाई हल्ल्याचा इशारा, दोन मिनिटं सरळ म्हणजे धोका टळला. म्हणून सरळच, पण पाच-दहा सेकंद. पावसाळ्यात तर तेही नको. धरणातून पाणी सोडताना भोंगा वाजतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढत असताना कुणाच्या अंगणातून भोंगा आला, तर लोक गुरं सोडून पळतील. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातच्या भोंग्यावर टीव्ही-मोबाइल बंद होतात. अशा गावांच्या आसपास त्यांची वेळही टाळा.

ठेवणीसाठी कर्ण्याच्या सर्वात खालच्या जागी पाणी निघायचं भोक आहे का ते पाहा आणि ते मोकळं ठेवा. वरून ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. वरून टोपी आणि बाजूंना बारीक जाळी. महिन्यातून एकदा रोटर हाताने दहा फेरे फिरवा आणि थांबवताना दर वेळी वेगळ्या जागी थांबवा.